व्हिसेराच्या बरणीची कुळकथा

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले धनज हे कपाशी, तूर, सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. या भागात कुणाच्या मृत्यूमागे विषाचा संशय आला, की ठाण्यात मर्ग म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद दाखल होते, शवविच्छेदन होते आणि ‘व्हिसेरा राखून ठेवला’ अशी ओळ वर्तमानपत्रात येते. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले मृताचे अंतर्गत अवयव. मग घरचे लोक ‘सीए रिपोर्ट’ची वाट पाहत बसतात.

सीए म्हणजे सरकारी रासायनिक विश्लेषक. मुंबईतल्या या पदाचे नाव गाजले ते बडोद्यातल्या विषप्रयोगामुळे. 9 नोव्हेंबर 1874 रोजी तिथले ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांना पपनसाच्या सरबताची चव वेगळी लागली आणि त्यांनी ते ओतून दिले. पेल्याच्या तळाशी उरलेला गाळ मुंबईला रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल निघाला. आरोप बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला, पण चौकशी आयोगाचे सहा सदस्य तीन-तीन असे दुभंगले. विष कोणते, हे प्रयोगशाळेने सांगितले. ते कुणी घातले, हे सांगणे तिच्या हातचे नव्हते. ही मर्यादा आजही तशीच आहे.

सोमल देहाबरोबर कुजत नाही. त्याचा माग काढणारी चाचणी जेम्स मार्श यांनी 1836 मध्येच दिली होती. वनस्पतिज विषे मात्र हाती लागत नसत. 1850 मध्ये बेल्जियममधल्या एका खुनाच्या तपासात जाँ स्तास यांनी आम्ल आणि अल्कोहोल वापरून मृताच्या अवयवांतून निकोटिन वेगळे काढले. पुढे ऑटो यांनी त्या रीतीत सुधारणा केली. दोघांच्या नावाची ही रीत आजही शिकवली जाते.

आपली व्हिसेराची बरणी याच घराण्यातली. एकीत जठर आणि लहान आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा व दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग. वर मिठाचे संपृक्त द्रावण. फॉर्मेलिन चालत नाही. त्याने ऊतक कडक होते आणि विष सुटून येत नाही. कुजताना वायू सुटतो म्हणून बरणी काठोकाठ भरत नाहीत. नुसत्या द्रावणाचाही नमुना सोबत जातो, म्हणजे विष मिठातून आले नाही याची खात्री पटते. रक्ताची बाटली वेगळी. सगळ्यावर लाखेचे सील. ते फुटलेले आढळले, तर अचूक चाचणीवरही न्यायालयात शंका घेतली जाते.

ही सारी मांडणी मुख्यतः पोटात गेलेल्या विषासाठी झाली. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचे विष कातडीतून आणि श्वासातून शिरते. अशा वेळी जठर फारसे बोलत नाही, रक्त बोलते. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशके रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराचे काम रोखतात, आणि ही घट माणूस जिवंत असतानाच मोजता येते.

विषशास्त्राची न्यायवैद्यक शाखा मृत्यूचे कारण शोधते, तर चिकित्सेची शाखा रोग्याला वाचवू पाहते. विश्लेषण दोघींना एकच लागते, फरक वेळेचा. फवारणीच्या हंगामात ही रक्तचाचणी तालुक्याच्या रुग्णालयातच झाली पाहिजे. धनजच्या मजुराचे रक्त तो जिवंत असताना तपासले, तर त्याचा व्हिसेरा राखून ठेवण्याची वेळ टळू शकते.