थंडी, रॉकेल आणि काजळी: नारायण पेठेतील टू-स्ट्रोक सकाळ

१/ डिसेंबरातील सकाळ. नारायण पेठेतील एखाद्या वाड्याच्या बोळात स्कूटर उभी आहे. किकमागून किक बसते आहे, पण इंजिन दाद देत नाही. १९७० आणि १९८०च्या दशकांतील पुण्यात हे दृश्य घरोघरचे होते. त्या रुसलेल्या इंजिनात साठलेली काजळी एका आर्थिक धोरणाची आणि एका शहराच्या हवेची कथा सांगते. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ पुणे हे एके काळी सायकलींचे शहर. ते स्कूटरवर कसे आले? इटलीतील पियाज्जिओ कंपनीने १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली. १९६०च्या दशकाच्या आरंभी बजाजने तिच्या सहकार्याने भारतात स्कूटर बनवायला घेतल्या. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९७१ साली करार संपला आणि १९७२ साली महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. त्याच वर्षी पुण्याच्याच कायनेटिक इंजिनिअरिंगची 'लूना' अवतरली.

३/ या दोन्ही गाड्यांचे इंजिन टू-स्ट्रोक होते. म्हैसूरची जावा, राजदूत आणि १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलींचेही तसेच. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडझाप करणारी गुंतागुंतीची यंत्रणा नसते. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील वाटा उघडतो आणि झाकतो. भाग कमी, म्हणून किंमत कमी आणि दुरुस्ती सोपी.

४/ मात्र या सोपेपणाची किंमत होती. इंधनाचे मिश्रण पिस्टनखालच्या क्रँककेसमधून जात असल्याने तेथे वंगणाचा वेगळा साठा ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलबरोबरच आत जाते. चेतकमध्ये हे प्रमाण सुमारे २ टक्के, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलीलिटर ऑइल. हे तेल पूर्ण जळत नाही. त्याची काजळी पिस्टनच्या माथ्यावर, प्लगवर, धूर बाहेर पडण्याच्या वाटेत आणि सायलेन्सरमध्ये थराथराने बसते.

५/ उन्हाळ्यात हे दुखणे झाकलेले राही. पुण्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत अनेकदा १० अंशांखाली जातो. गारठ्यात पेट्रोलची वाफ कमी होते, तेल घट्ट होते. अशा वेळी जोरदार ठिणगी हवी आणि काजळलेला प्लग नेमकी तीच देत नाही. थंडी इंजिन बिघडवत नव्हती. वर्षभराची हयगय ती उघडी पाडत होती.

६/ मोटारसायकलीवर आणखी एक थर असे. पावसाळ्यात उडालेला चिखल सिलिंडरच्या पंख्यांवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांवर, बसे. तेलात कालवला जाऊन तो इंजिनाच्या उष्णतेने भाजून निघे. पट्ट्यांमधील जागा बुजली की वारा आत शिरत नाही आणि इंजिन अति तापते. खंडेनवमीला वाहन धुऊन पूजा होई, परंतु हा थर पाण्याने सुटत नसे.

७/ म्हणून थंडीतील एखादा रविवार या कामासाठी असे. इंजिन गार असताना पेट्रोलचा कॉक बंद करायचा. जुन्या ब्रशने पंख्यांना रॉकेल लावून चिखल मऊ करायचा आणि लाकडी काडीने खरवडायचा. प्लग काढून तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने घासायचा. हेड उघडलेच तर पिस्टन वर आणून माथ्यावरची काजळी हलक्या हाताने काढायची. ॲल्युमिनियमवर चरा पडू नये, एवढी काळजी घ्यायची. रॉकेल पेट घेणारे, म्हणून हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर.

८/ एवढा खटाटोप घरी का? याचे उत्तर धोरणात आहे. परवाना पद्धतीत किती गाड्या बनवायच्या, हे सरकार ठरवी. स्कूटरचे वाटप आणि विक्री यांवरही १९६०पासून नियंत्रण होते. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेली गाडी टिकवणे भागच होते. टंचाईने मध्यमवर्गीय माणसाच्या हाती पाना दिला.

९/ परंतु इंजिनात राहिलेली काजळी हा हिशेबाचा लहान भाग होता. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच धुराच्या वाटेने निसटतो. तो आणि तेलाचा निळसर धूर शहराच्या हवेत जाई. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही. पेठांच्या अरुंद रस्त्यांवर तो श्वासाच्या उंचीवरच रेंगाळे. प्लग घरी घासता येत होता. ही हवा स्वच्छ करणे कोणाही एका घराच्या हाती नव्हते.

१०/ ते काम कायद्याने केले. पेट्रोल वाहनांच्या धुरावर १९९१ साली मर्यादा आली आणि १९९६ व २००० साली ती अधिक कडक झाली. १९८५ सालच्या हिरो होंडा सीडी १००ने फोर-स्ट्रोक इंजिनाची काटकसर दाखवून दिलीच होती. या इंजिनात तेल वेगळे राहते, इंधनाबरोबर जळत नाही. २००१ साली बजाजची पल्सर आली. रस्त्यावरचा निळा धूर ओसरत गेला आणि प्लग घासण्याची विद्याही.

११/ २०१९ साली चेतक हे नाव परत आले, विजेवर चालणारी स्कूटर म्हणून. तिला प्लगही नाही आणि सायलेन्सरही नाही. जुन्या इंजिनाविषयी हळहळताना ती निळी हवाही आठवली पाहिजे. आणि त्या हवेला दोष देताना हेही आठवले पाहिजे, की त्याच स्वस्त इंजिनाने साध्या पगारदाराला प्रथमच स्वतःचे वाहन दिले.

१२/ वाचकहो, घरातील थोरांना एक प्रश्न विचारून पाहा: चेतकच्या डिकीत जास्तीचा प्लग आणि पाना का असे? उत्तर देताना ते बहुधा थंडीतील एखाद्या सकाळपासूनच सुरुवात करतील. ते लिहून ठेवा. इतिहासाची अशी साधने दप्तरखान्यात मिळत नाहीत.