जाहिरात सापडली नाही, म्हणजे मागणी नव्हती?

समजा, तुम्ही गरोदरपणातल्या कपड्यांचा इतिहास शोधताय. १९११ आधीची न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं चाळली, जाहिराती मिळाल्या नाहीत. लगेच 'मागणी नव्हती' असं लिहून मोकळे होऊ नका.

लेना ब्रायंट ही तरुणपणी विधवा झालेली शिवणकाम करणारी बाई. तिने त्याआधीच कमरेला इलॅस्टिक आणि खाली चुण्या असलेला गाऊन शिवला होता. पोट वाढेल तसा तो सैल व्हायचा. गिऱ्हाइकं होती, पण वर्तमानपत्रं जाहिरातच घेत नव्हती. गरोदरपण हा चारचौघांत बोलायचा विषय नव्हता. मग दुकानाचा पत्ता बायकांना कळणार कसा? तोंडोतोंडीच. १९११ मध्ये 'न्यूयॉर्क हेरल्ड'ने जाहिरात छापली आणि माल हातोहात खपला.

आता मराठी वर्तमानपत्रं घ्या. तिथेही जाहिरात दिसली नाही, तर कारण वेगळं असू शकतं. साडी कमरेला हवी तशी सैल नेसता येते. अडचण पोलक्याची, तेही शिवणीतली माया उसवली की भागतं.

दोन्हीकडची शांतता कागदावर सारखीच दिसते. म्हणून 'आढळले नाही' लिहिण्याआधी विचारा: गरज नव्हती, की छापू दिलं नाही?