धाग्याची लांबी आणि धाग्याचे बळ

दोरा, तार किंवा कागदाची पट्टी वरून टांगावी, खालच्या टोकाला पारडे बांधावे आणि त्यात थोडीथोडी वजने टाकत जाऊन ती वस्तू कितव्या वजनाला तुटते ते टिपावे, असा एक प्रयोग रोजच्या वापरातील पदार्थांची मजबुती पडताळण्यासाठी शाळांतून करून घेतला जातो. पदार्थ ओढला जात असताना तुटेपर्यंत जेवढा ताण सहन करतो, त्याला ताणसामर्थ्य म्हणतात. प्रयोगाची मांडणी इतकी साधी असूनही, एकाच रिळातून कापलेल्या दोन तुकड्यांपैकी लांब तुकडा आखूड तुकड्यापेक्षा लवकर तुटतो काय, या तिच्यातून निघणाऱ्या प्रश्नाने चार शतकांहून अधिक काळ चकवा दिला.

या प्रयोगाच्या जुन्या आणि तपशीलवार वर्णनांपैकी एक लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत आहे. मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयात जतन केलेल्या ‘कोडेक्स अ‍ॅटलांटिकस’ या संग्रहात त्याने लोखंडी तारेची परीक्षा कशी घ्यावी हे लिहून ठेवले आहे. दोन ब्राच्चो, म्हणजे सुमारे सव्वा मीटर लांबीची तार पक्क्या आधाराला बांधावी, तिला टोपली अडकवावी आणि वरच्या नरसाळ्याच्या बारीक छिद्रातून टोपलीत वाळू सोडावी. तार तुटताच छिद्र आपोआप बंद व्हावे म्हणून तेथे एक स्प्रिंग बसवावी, आणि पडताना टोपली कलंडू नये म्हणून ती जमिनीपासून थोड्याच उंचीवर ठेवावी, अशा त्याच्या सूचना आहेत. वाळूचे वजन करावे, तार कोठे तुटली ती जागा नोंदवावी आणि खात्रीसाठी प्रयोग पुन्हा पुन्हा करावा, असे सांगून तो पुढे तार निम्म्या लांबीची घेऊन ती किती जास्त वजन पेलते ते पाहण्यास सांगतो, व त्यानंतर पाव लांबीची. आखूड तार अधिक पेलणार हे त्याने येथे गृहीतच धरलेले दिसते. पुढच्या काही अभ्यासकांनी ही त्याची चूक मानली. परंतु तुटण्याच्या जागेची नोंद ठेवण्याचा त्याचा आग्रह पाहता, चूक म्हणून हे वाक्य बाजूला सारणे घाईचे ठरते.

लिओनार्दोची टिपणे त्याच्या हयातीत छापली गेली नाहीत, त्यामुळे या विषयाचे शास्त्र गॅलिलिओच्या ग्रंथापासून सुरू झाले असे मानण्याचा प्रघात पडला. आर्चेत्री येथे नजरकैदेत असताना त्याने पूर्ण केलेला, दोन नव्या शास्त्रांविषयीचा हा ग्रंथ १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील संवादात चाळीस हात लांबीचा दोर एकदोन हातांच्या दोराइतके वजन पेलू शकणार नाही, हे प्रचलित मत सिम्प्लिचिओ मांडतो आणि साल्व्हियाती ते सपशेल खोटे ठरवतो. त्याचा युक्तिवाद असा, की दोर तुटतो तो एका विशिष्ट जागी, आणि त्या जागेच्या वर किंवा खाली दोर किती लांब आहे याच्याशी तुटण्याचा संबंध नाही. लांबीमुळे भर पडते ती फक्त दोराच्या स्वतःच्या वजनाची. युक्तिवाद बिनतोड आहे, मात्र दोर सर्वत्र सारखा असेल तरच. लिओनार्दोच्या काळची तार जंतरपट्टीच्या, म्हणजे लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीच्या, भोकांतून ओढून काढलेली असे आणि घडीव लोखंडात धातुमळीचे कण राहून जात, त्यामुळे तिच्यात कोठे ना कोठे कच्ची जागा असणारच. आणि तार जितकी लांब तितकी अशी जागा तिच्यात सापडण्याची शक्यता अधिक. साल्व्हियातीने तुटण्याची जागा मान्य केली, पण ती प्रत्येक तुकड्यात असतेच असे नाही, याचा विचार केला नाही.

यानंतर विद्वानांचे लक्ष तुटण्यावरून ताणण्याकडे वळले. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला (शोधावरील हक्क राखून गुपित न फोडण्याची ही त्या काळची रीतच होती) आणि १६७८ मध्ये तो उलगडला. त्यासाठी त्याने वीस ते चाळीस फूट लांबीच्या तारा टांगल्या होत्या, कारण तार जितकी लांब तितकी तिची वाढ मोजण्यास सोपी. वाढ आणि भार यांचे प्रमाण ठरल्यावर गणिताला वाट मिळाली. भारतातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत केंब्रिजच्या सर्ल यांच्या नावाने ओळखले जाणारे दोन तारांचे उपकरण असते, ते याच परंपरेतले. तेथे यंग गुणांक काढताना तार तुटू नये याचीच काळजी घेतली जाते. तोडून पाहण्याचे काम दरम्यान अभियंत्यांकडे गेले, आणि १८७४ मध्ये डेव्हिड कर्कल्डी यांनी लंडनच्या सदर्क भागात आपल्या प्रचंड परीक्षणयंत्रासाठी स्वतंत्र इमारतच उभी केली.

लांबीच्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात आले. इंग्लंडमधील फार्नबरो येथे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेचे तंतू ओढून तोडले, तेव्हा एक मिलिमीटर जाडीच्या तंतूच्या तुलनेत अतिसूक्ष्म तंतूचे सामर्थ्य, छेदाच्या क्षेत्रफळाच्या मानाने, सुमारे वीसपट भरले; काच तुटते ती तिच्यातील बारीक भेगांमुळे आणि लहान नमुन्यात मोठी भेग असण्याचा संभव कमी, असा त्याचा अर्थ होता. पुढे १९२६ मध्ये मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतील एफ. टी. पीअर्स यांनी सुती धाग्याकडे कड्यांच्या साखळीसारखे पाहिले. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके असते, म्हणून तपासणीसाठी घेतलेला तुकडा लांबवला की सरासरी बळ किती घटते, याचे सूत्र त्यांनी संभाव्यतेच्या गणिताने बसवले.

हा प्रश्न सुताच्या धंद्यात सुटावा यात नवल नाही, कारण गिरणीत मागावरचा धागा तुटला की काम थांबते. मुंबईत माटुंगा येथे भारतीय मध्यवर्ती कापूस समितीची तंत्रप्रयोगशाळा १९२४ मध्ये सुरू झाली. कापसाच्या वाणांची परीक्षा तेथे सूत कातून होत असे. सुताच्या बळाची एक प्रचलित चाचणी १२० यार्डांच्या लडीवर केली जाते: फाळक्यावर दीड यार्डाचे ऐंशी फेरे घेऊन ती लडी एकदम ओढून तोडतात. एकेरी धाग्याची चाचणी वेगळी, आणि तिच्या निकालासोबत चिमट्यांमधील अंतर, म्हणजे प्रत्यक्ष ताणलेल्या तुकड्याची लांबी, लिहिली नसेल तर दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.