मुंबईचे विमानतळ व प्रवासी सुविधा

मुंबईचे विमानतळ : मुंबई महानगर प्रदेशातील नागरी विमानवाहतुकीची केंद्रे. जुहू, सांताक्रूझ–सहार येथील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि उलवे परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ ही त्यांतील प्रमुख होत. विमानांचा वेग जसजसा वाढत गेला, तसतसा एकूण प्रवासकाळातील भूमार्गाचा वाटाही वाढला. घरापासून विमानतळापर्यंत कसे जावे, वाहन कोठे ठेवावे व अवेळी उतरल्यास घरी कसे परतावे, हे प्रश्न त्यामुळे धावपट्टीइतकेच महत्त्वाचे ठरले. मुंबईत त्यांची सोडवणूक विमानतळांच्या वाढीच्या मानाने फार उशिरा झाली.

आरंभकाळ : जुहू येथील विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. भारतातील नागरी विमानवाहतुकीचा तो पहिला विमानतळ मानला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ‘पस मॉथ’ जातीचे एक छोटे विमान येथे उतरविले. तेथून पुढे मद्रासपर्यंतचे उड्डाण नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केले. समुद्रालगतची ही जमीन सखल असल्याने पावसाळ्यात ती चिखलाने भरून जाई व टपालविमानांचे काम त्या काळापुरते पुण्यास हलवावे लागे. प्रवासी मोजकेच असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र वाहतूकव्यवस्थेची गरज भासली नाही. पुढे मोठ्या विमानांना जुहूची धावपट्टी अपुरी पडली आणि तेथील वाहतूक प्रामुख्याने हेलिकॉप्टरे व लहान विमाने यांपुरती मर्यादित झाली. जुहू व सांताक्रूझ ही दोन्ही ठिकाणे इतकी जवळ आहेत, की १५ जुलै १९५३ रोजी एक ब्रिटिश ‘कॉमेट’ जेट विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहू येथे उतरले होते.

सांताक्रूझ : हा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलासाठी बांधण्यात आला. युद्धसमाप्तीनंतर तो नागरी वाहतुकीकडे आला, तेव्हा हवाई दलाच्या जुन्या हँगरांचे रूपांतर प्रवासी कक्षांत करण्यात आले होते. फाळणीमुळे कराची पाकिस्तानात गेल्यावर मुंबईतील वाहतूक झपाट्याने वाढली. एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई–कैरो–जिनीव्हा–लंडन ही पहिली सेवा ८ जून १९४८ रोजी सुरू झाली. नव्या प्रवासी इमारतीचे काम १९५० मध्ये हाती घेण्यात आले व ती १९५८ मध्ये वापरात आली.

या काळात विमानकंपन्या शहरातील आपल्या कार्यालयापासून विमानतळापर्यंत प्रवाशांसाठी बसगाड्या चालवीत. विमानप्रवास हा मर्यादित वर्गाचा असल्याने एवढी सोय पुरेशी समजली जाई. वास्तविक पश्चिम उपनगरांतून जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकापासून अस्तित्वात होता व विलेपार्ले स्थानक सांताक्रूझच्या प्रवासी इमारतीपासून फार दूर नव्हते. तथापि लोहमार्गाचा फाटा विमानतळापर्यंत नेण्यात आला नाही. सामान घेऊन गर्दीच्या उपनगरी गाडीत चढणे दुष्कर असल्याने विमानतळाचा सारा भार रस्त्यावर, विशेषतः पश्चिम द्रुतगती महामार्गावर पडला.

सहार व विभागलेला विमानतळ : मुंबईसह चार प्रमुख विमानतळांचा कारभार १९७२ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे सोपविण्यात आला. त्या दशकात आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या कामगारांची संख्या वाढू लागली. कोकणातील व केरळातील हजारो कुटुंबांना मुंबईचा विमानतळ याच निमित्ताने प्रथम परिचयाचा झाला. १९७९ मध्ये सांताक्रूझच्या इमारतीस मोठी आग लागल्याने तात्पुरती व्यवस्था करावी लागली. १९८१ पासून सहार येथील नवी इमारत आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी उपयोगात आली.

अंतर्देशीय व आंतरराष्ट्रीय इमारती एकाच धावपट्टीसमूहाच्या दोन बाजूंस असल्या, तरी त्यांमधील प्रवास शहरातील रस्त्यांनी करावा लागे. परदेशातून येऊन देशातील दुसऱ्या शहरी जाणाऱ्या प्रवाशास सामानासह बसने वा टॅक्सीने ही मजल गाठावी लागे. युरोपातील अनेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांवर बंधने असल्याने व तेथे सकाळी पोहोचणे सोयीचे असल्याने मुंबईची बरीच आंतरराष्ट्रीय उड्डाणे मध्यरात्रीनंतर होत. नेमक्या याच वेळी उपनगरी रेल्वे काही तास बंद असते. ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही, त्याला टॅक्सीवाचून पर्याय उरत नसे. उतारूंची अडवणूक टाळण्यासाठी आगाऊ भाडे भरून टॅक्सी घेण्याची पद्धत रूढ झाली. ऑटोरिक्षांना वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस मज्जाव असल्याने त्यांचा उपयोग उपनगरांपुरताच होतो.

निरोप देण्यासाठी सहकुटुंब येण्याची प्रथा हे मुंबईच्या विमानतळाचे एक सामाजिक वैशिष्ट्य होय. एका प्रवाशामागे अनेक माणसे येत असल्याने वाहनतळाची व प्रतीक्षेच्या जागेची गरज प्रवासीसंख्येच्या मानाने अधिक राहिली. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान घातपाताने नष्ट झाल्यानंतर देशभर सुरक्षाव्यवस्था कडक होत गेली. प्रवासी नसलेल्यांचा इमारतीतील प्रवेश मर्यादित झाला आणि निरोपाचे स्थान आतल्या कक्षाऐवजी बाहेरील फाटकाशी आले.

जागेची मर्यादा : दोन्ही धावपट्ट्या परस्परांस छेदत असल्याने त्यांचा एकाच वेळी स्वतंत्रपणे पूर्ण वापर करता येत नाही. मिठी नदी विमानतळाच्या जमिनीतून वाहते व धावपट्टीसाठी तिच्या प्रवाहात फेरफार करण्यात आले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. त्या वेळी विमानतळ बंद ठेवावा लागला. विमानतळाच्या जमिनीचा मोठा भाग झोपडवस्त्यांनी व्यापलेला आहे. तेथील रहिवाशांच्या पुनर्वसनाची योजना २००७ मध्ये हाती घेण्यात आली. परंतु ती तडीस गेली नाही. यांपैकी अनेक रहिवासी विमानतळावर व त्याच्या आसपास मोलमजुरी करणारे असल्याने हा केवळ जागेचा प्रश्न राहत नाही.

आधुनिकीकरण : २००६ मध्ये विमानतळाचे व्यवस्थापन खाजगी भागीदारीतील कंपनीकडे देण्यात आले, तिचे नियंत्रण २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेले. सहार येथील नवी इमारत फेब्रुवारी २०१४ मध्ये वाहतुकीस खुली झाली. तीत अंतर्देशीय उड्डाणांचाही टप्प्याटप्प्याने समावेश करण्यात आला, त्यामुळे दोन इमारतींमधील येरझार पुष्कळशी कमी झाली. इमारतीलगत सुमारे ५,००० मोटारगाड्यांसाठी बहुमजली वाहनतळ आहे. पश्चिम द्रुतगती महामार्गापासून इमारतीपर्यंतचा सुमारे २ किमी. लांबीचा उन्नत मार्गही त्याच वेळी सुरू झाला.

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. मात्र तिची स्थानके विमानतळापासून काही अंतरावर आहेत. मेट्रो मार्ग ३ चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाल्यावर दोन्ही प्रवासी इमारतींना प्रथमच स्वतःची रेल्वे-स्थानके लाभली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा ३३.५ किमी. लांबीचा भुयारी मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. तथापि मेट्रोही रात्री बंद असल्याने अवेळी येणाऱ्या प्रवाशाची अडचण सर्वस्वी दूर झालेली नाही.

नवी मुंबई : सांताक्रूझच्या विस्तारास वाव न उरल्याने उलवे परिसरात दुसरा विमानतळ उभारण्यात आला. त्यासाठी उलवे टेकडी कापण्यात आली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि दहा गावठाणांतील कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन होऊन २५ डिसेंबर २०२५ पासून तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किमी. लांबीचा शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू दक्षिण मुंबईस या परिसराशी जोडतो. दोन्ही विमानतळ मेट्रोने जोडण्याची योजना आहे. ती पूर्ण होईपर्यंत एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघणाऱ्या प्रवाशास पुन्हा रस्त्याचाच आधार घ्यावा लागेल. सांताक्रूझ व सहार यांच्यामध्ये पूर्वी उद्भवलेला प्रश्न अशा रीतीने अधिक मोठ्या अंतरावर पुन्हा उभा राहिला आहे.