पाच रेघांत दोन बिऱ्हाडं

माझं डीटीपीचं दुकान जुन्या जालन्यात आहे. गांधी चमनपासून चालत आलात तर पाच मिनिटं. लग्नपत्रिका, दहाव्या-तेराव्याची कार्डं, गणपती मंडळाच्या पावत्या, हे माझं पोटापाण्याचं काम. गेल्या नाताळाआधी चर्चमधले एक सर पिवळट पडलेलं पान घेऊन आले. पाच रेघा, वर गोळे, खाली गोळे, मधे रोमन लिपीतले शब्द. म्हणाले, "हे कॉम्प्युटरवर काढून दे आणि शब्द मराठी टाक."

मी म्यूझस्कोर हे स्वर लिहिण्याचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि लागलो कामाला. बायकांचे दोन आवाज, उंच सोप्रानो आणि खालचा आल्टो, एकाच पट्टीवर, म्हणजे त्याच पाच रेघांवर होते. मी स्वरावर स्वर ठेवत गेलो. दोन ओळी मजेत झाल्या. तिसरीत वरची बाई एकेका मात्रेचे दोन स्वर घेते आणि खालची तेवढ्या वेळात एकच स्वर धरून बसते. तिथे सॉफ्टवेअर अडलं. खालचा स्वर लांब केला की वरचाही लांब व्हायचा.

सरांनी पडदा पाहिला आणि हसले. "अरे, दोघींना एकाच दांडीला बांधलंस की!"

सगळी गोम त्या दांडीत आहे. गोळ्याला उभी रेघ असते ती दांडी. पट्टीवर एकच गाणारा असेल तर दांडी जागेप्रमाणे वर किंवा खाली जाते. दोघं असले की वरच्याच्या सगळ्या दांड्या वर आणि खालच्याच्या सगळ्या खाली, मग गोळा कुठेही असो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं, पण दारं विरुद्ध दिशांना. दोघी एकाच स्वरावर आल्या तर गोळा एक आणि दांड्या दोन. शेजारशेजारचे स्वर आले तर एक गोळा थोडा बाजूला सरकवायचा. एकीला विश्रांती असेल तर तिची खूण वर किंवा खाली ढकलायची, नाहीतर दोघी गप्प बसतील. म्यूझस्कोरमध्ये एका पट्टीवर असे चार आवाज मावतात. कंट्रोल-ऑल्ट-दोन दाबलं की दुसरा आवाज सुरू होतो. पहिला निळा दिसतो, दुसरा हिरवा.

हे कळलं आणि मला अण्णा आठवले. माझे वडील खिळे जुळवायचे. छापखान्यात त्यांचा दिवस शिशाच्या अक्षरांच्या केसपुढे उभं राहून जायचा. देवनागरीचं दुखणं ते एका वाक्यात सांगत: "इंग्रजी अक्षरं रांगेत उभी राहतात, आपली एकमेकांच्या खांद्यावर बसतात." वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. अक्षर मात्रेसकट अखंड ओतावं तर केसला घरं पुरत नाहीत. तुकड्यांत ओतावं तर दाबाखाली मात्रा तुटतात.

युरोपात संगीत छापणाऱ्यांची गतही हीच झाली होती. १५०१ साली व्हेनिसमध्ये पेत्रुची या मुद्रकाने अनेक आवाजांच्या गाण्यांचा संग्रह छापला. तेव्हा रेघा, स्वर आणि शब्द वेगवेगळ्या वेळी छापावे लागत, एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखाली. काम सुरेख व्हायचं, पण वेळखाऊ. पॅरिसच्या अतेन्याँने १५२८च्या सुमारास दुसरा मार्ग काढला. प्रत्येक खिळ्यावर स्वर आणि त्याच्या मागचा पाच रेघांचा तुकडा एकत्र. खिळे ओळीत लावले की पट्टी आपोआप जुळते आणि एका दाबात काम होतं. अण्णांच्या भाषेत हा अखंड टाइप. पण पट्टीवर दोन आवाज आपापल्या चालीने निघाले की असल्या खिळ्यांची दमछाक होणारच. त्या काळात प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका छापायची पद्धत होती. आल्टोवाल्याच्या हातात फक्त आल्टो. पुढे १७५०च्या दशकात लाइपझिगच्या ब्राइटकोप्फने गोळा, दांडी आणि रेघ यांचे वेगवेगळे बारीक तुकडे ओतले. आपल्या तुटक मात्रांसारखेच! तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापणारे होतेच, त्यांना खिळ्याचं बंधन नव्हतं. १८६१च्या इंग्रजी 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न'मध्ये चारही आवाज दोन पट्ट्यांत बसले होते, वर बायका आणि खाली पुरुष. सरांचं पान त्याच घराण्यातलं.

असलं पान जालन्यात कसं, हा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडेल. आमचा जिल्हा १ मे १९८१चा, नाव बियाण्याचं आणि लोखंडी सळ्यांचं. पण इथल्या छावणीमुळे गोऱ्यांची ये-जा जुनी होती. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. स्कॉटलंडमध्ये फ्री चर्च वेगळं निघालं तेही त्याच वर्षी. त्या चर्चचे पाद्री होऊन शेषाद्री १८६०च्या दशकात जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालार जंग यांच्याकडून त्यांना जमीन मिळाली आणि शहराजवळ बेथेल हे गाव वसलं. १८७३मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेपर्यंत जाऊन आले. १८९१ साली वारले.

या फ्री चर्चमध्ये ऑर्गनला मुभा मिळाली ती १८८३मध्ये. त्याआधी नुसता गळा. एक जण ओळ सांगायचा, बाकीचे उचलायचे, ही रीत तिथे जुनी होती. आपल्या कीर्तनात टाळकरी धृपद धरतात, त्यातलाच प्रकार. त्यांच्या स्तोत्रपुस्तकांची एक जात मला फार आवडली. पानं मधोमध आडवी कापलेली, वरच्या अर्ध्यात चाली आणि खालच्यात शब्द. छंद जुळला की कुठलीही चाल कुठल्याही स्तोत्राला लावायची. बाइंडिंगवाल्याने शिव्याच घातल्या असतील.

पाच रेघांना बगल देणारेही निघाले. सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या कल्पनेवरून जॉन कर्वेनने सोल-फा पद्धत फैलावली. त्यात स्वरांची नुसती अक्षरं, चार आवाजांच्या चार ओळी एकाखाली एक. साधे इंग्रजी खिळे पुरतात, म्हणून मिशनवाल्यांनी ती जगभर नेली. मिझोराममध्ये आजही त्यावरूनच गातात. भातखंड्यांची स्वरलिपीही त्याच सोयीची: मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, कोमलाला खाली आडवी रेघ. पण तिच्यात दुसऱ्या बिऱ्हाडाचा विचार नाही, कारण आपल्या गाण्याला त्याची गरजच नव्हती. एक गातो, बाकीचे त्याच्या मागे. त्यामुळे स्वरांच्या जागा आम्हाला पाठ, पण दोघांनी एकदम वेगळं गायचं म्हटलं की गांगरतो. मी तरी गांगरलो.

दांड्या सुटल्या आणि शब्दांनी धरलं. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर म्यूझस्कोरमध्ये चिकटवला तर कचरा उमटतो, सगळं युनिकोडमध्ये पुन्हा टंकलं. मग 'प्रार्थना' आली. गाताना तोंडातून 'प्रार्–थ–ना' निघतं, पण लिहिताना रफार 'थ'च्या डोक्यावर. 'प्रा' पहिल्या स्वराखाली आणि 'र्थ' दुसऱ्याखाली ठेवलं, तर गाणारी 'र' उशिरा म्हणणार. पाय मोडून 'प्रार्' लिहिलं, तर वाचणारीला चूक वाटणार. अण्णा असते तर त्यांनी सरळ चालच बदलायला सांगितली असती. सर म्हणाले, "पाय मोड. बायका सांभाळून घेतील."

छापील पान हातात घेऊन ते दाराशी उजेडात गेले.

"निळं-हिरवं कुठं गेलं?"

"ते पडद्यापुरतंच, सर. छापताना सगळं काळं."

त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि खाली जाणाऱ्या दांड्यांखाली एकेक बारीक टिंब देत सुटले. पान संपल्यावर म्हणाले, "आल्टोवाल्या चौघींनाही चष्मे लागलेत. हेच मोठ्या कागदावर काढलं तर किती घेशील?"