पिवळी बाटली आणि पांढरी गोळी



पर्युषण पाऊस घेऊन येतं आणि पाऊस सर्दी घेऊन. गेल्या भाद्रपदात आमच्या पुनावळ्याच्या घरात ती आधी नातवाला झाली, मग मला आणि शेवटी ह्यांना. नाक चोंदलेलं, भुवयांवर ठणका, खाली वाकलं की डोकं फुटेल असं वाटायचं. माझा चौविहार असतो. सूर्यास्तानंतर पाणीही नाही, तिथे गोळी कुठली? रात्री उरते ती पिवळी बाटली.

सासूबाई तिला 'मद्रासचं औषध' म्हणायच्या. पण अमृतांजनाचा जन्म आपल्या मुंबईतला, 1893 सालचा. काशीनाथुनी नागेश्वरराव हे आंध्रातून मुंबईत आलेले गृहस्थ. सुरुवातीला त्यांनी गाण्याच्या मैफलींत बाम फुकट वाटला, असं सांगतात. आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात विक्रीवर अख्खा धडा होता, पण त्यात याहून जास्त काही नव्हतं! 1908 मध्ये त्यांनी मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक काढलं आणि 1914 मध्ये ते मद्रासला नेलं. म्हणजे सासूबाई अगदीच चुकत नव्हत्या.

1893 हे साल आपल्याला दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या धर्मपरिषदेत जैन धर्मावर बोलले ते त्याच वर्षी. आणि त्याच वर्षी जर्मनीत फॉन मेरिंग नावाच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल रुग्णांना देऊन पाहिलं. त्यांना ते धोक्याचं वाटलं, म्हणून ते मागे पडलं. पुढे 1948 मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी ती शंका दूर केली, आणि 1950 नंतर पांढरी गोळी घरोघरी गेली.

बाटली आणि गोळी, दोघींचं काम वेगळं. सर्दीत नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, कपाळ आणि गालाच्या हाडांतल्या पोकळ्यांची तोंडं बंद होतात, आत दाब वाढतो. बाममधला मेंथॉल ही सूज उतरवत नाही. तो थंडाव्याच्या नसा चाळवतो, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. तेवढ्यावर रात्री झोप लागते, हेही काही कमी नाही. मात्र नातू दीड वर्षाचा, त्याला मी बोटभरही लावला नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर-मेंथॉल नको.

गोळी दुखणं थांबवते, पण तिचा हिशेब ठेवावा लागतो. मी तो ठेवला नव्हता. ह्यांना डोक्यासाठी 650 ची गोळी दिवसातून चार वेळा आणि सर्दीची वेगळी गोळी, तीही चार वेळा, असं मीच ठरवलं. दुपारी चष्मा लावून पाकीट वाचलं, तर सर्दीच्या गोळीतही 500 पॅरासिटामॉल! 2600 आणि 2000, म्हणजे 4600. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम, त्यावर यकृताला धोका. दोनच वेळा देऊन झाल्या होत्या, म्हणून वाचलो. जन्मभर किराणा-दुधाचा पै-पैचा हिशेब लिहिणारी मी, इथे एकच रक्कम दोन खात्यांत पडलेली मला दिसली नाही.

शिवाय ह्यांना बीपी. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, ते रक्तदाब वाढवू शकतं. पूर्वी त्यात फिनाइलप्रोपॅनोलामाइन असे. मेंदूत रक्तस्राव होण्याच्या भीतीने अमेरिकेने 2000 मध्ये ते बाजारातून काढायला सांगितलं, आपल्याकडे बंदी आली 2011 मध्ये. आता बऱ्याच गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं. पण तोंडाने घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने चोंदलेलं नाक सुटत नाही, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये एकमताने सांगितलं!

आता आमच्याकडे सूर्यास्ताआधी भरपूर कोमट पाणी, सुंठीचा काढा (आल्याचा नाही, मधाचा तर नाहीच), कपाळाला सुंठीचा पातळ लेप. उपवासात डोकं दुखलं, तर ते सर्दीने की पाणी कमी पडल्याने, हे आधी पाहते. तापाबरोबर मान आखडली, डोळ्याभोवती सूज आली, अचानक असह्य दुखलं किंवा दहा दिवसांत उतरलं नाही, तर सरळ डॉक्टर. दर सर्दीत एकाच बाजूचं डोकं उठत असेल आणि उजेड सोसत नसेल, तर ती अर्धशिशीही असू शकते.

औषधाच्या डब्याच्या झाकणावर मी आता कागद चिकटवलाय: कोणी, किती वाजता, कितीची गोळी घेतली. ह्यांनी खाली लिहिलंय, 'तपासले, हिशेब बरोबर.'