कुंचला कोणाच्या हाती

वॉरहॅमर या खेळातला सैनिक विकत घेतला तरी हातात लगेच सैनिक येत नाही. खोक्यातून करड्या प्लास्टिकच्या चौकटी निघतात आणि त्यांत हात, पाय, धडं, डोकी, तलवारी अडकलेल्या असतात. ते तुकडे कापून काढायचे, कडा खरवडायच्या, चिकटवायचे, अस्तराचा हात द्यायचा आणि मग कित्येक संध्याकाळी भिंगाखाली बसून जेमतेम दोन पेरं उंचीच्या त्या आकृतीचे डोळे, पट्टे, बकलं रंगवायची. किंमत मात्र पुऱ्या वस्तूची, आणि तीही घसघशीत. वस्तू अपुरी आहे म्हणूनच ती हवी असणारा हा ग्राहक आला कुठून? खेळण्यातला सैनिक बाजारात आला तेव्हा तो रंगवूनच येत असे आणि पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ तसाच येत राहिला. रंगाचं काम कारखानदाराकडून सुटून गिऱ्हाइकाच्या टेबलावर कसं पोचलं, हाच माझ्या मते या छंदाचा खरा इतिहास. ड्रॅगन आणि राक्षस त्यात बरेच उशिरा येतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या न्यूर्नबर्गमध्ये योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट हा ओतारी कथलाचे चपटे सैनिक ओतू लागला. प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटच्या फौजा तेव्हा युरोपभर गाजत होत्या आणि त्यांच्या गणवेशातल्या छोट्या आकृत्यांना मागणी होती. साचा पाटीच्या दगडाचा असे. दोन गुळगुळीत तुकड्यांवर आकृतीच्या दोन बाजू उलट्या कोरायच्या, ते समोरासमोर घट्ट धरायचे आणि मधल्या फटीत वितळलेलं कथील सोडायचं. बाहेर येणारा शिपाई कागदासारखा चपटा असला, तरी कोरणारा तयारीचा असेल तर कोटाच्या चुण्याही त्याच्यावर दिसत. 1839 मध्ये त्याच शहरात एर्न्स्ट हाइनरिक्सनने आपला कारखाना काढला. त्याच्या आकृत्यांची तीसेक मिलिमीटरची उंची पुढे या धंद्याचं मापच होऊन बसली. आजची 28 मिलिमीटरची आकृती त्याच्या जवळपासच येते.

हे सैनिक पातळ लाकडाच्या डब्यांतून, वजनावर विकले जात. त्यांना रंग देण्याचं काम घरोघरी वाटून दिलेलं असे. बायका आणि मुलं नगावर मजुरी घेऊन ते करत. दिवसाचं पोट किती नग रंगून होतात यावर असल्यामुळे रंग सपाट आणि झटपट लागे. हिल्पर्टच्या आकृत्यांवर त्याच्या नावाची आद्याक्षरं सापडतात, पण रंगवणाऱ्या हातांची नावं डब्यावर कधी आली नाहीत. या छंदाच्या कौतुकाच्या पुस्तकांतून ही माणसं सहसा एका ओळीत उरकली जातात. मला ती या गोष्टीतली पहिली पात्रं वाटतात.

1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने हा धंदा जर्मनांच्या हातून ओढून घेतला तो एका युक्तीच्या जोरावर. साच्यात शिशाचं मिश्रण ओतायचं, ते भिंतींना धरून थिजू लागलं की मधलं पातळ शिसं तत्काळ बाहेर ओतून टाकायचं. उरतं ते कवच. सैनिक भरीव दिसतो, पण पोकळ असतो. धातू कमी लागतो, वजन कमी, म्हणून किंमतही कमी. ब्रिटनचे 54 मिलिमीटरचे सैनिक लाल खोक्यांतून इंग्लंडमधल्या घराघरात गेले. रंगकाम इथेही बायकांच्याच हातून होत होतं आणि त्या कामाला एक व्यापारी बाजू होती: एकाच साच्यातल्या शिपायाचा कोट वेगळ्या रंगात रंगवला की दुसरी पलटण तयार. कंपनीच्या यादीत बॉम्बे लान्सर्स आणि बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीचे संचही होते. मुंबई इलाख्याच्या फौजेतला शिपाई असा शिशाचा होऊन इंग्रज मुलांच्या खोलीत उभा राहिला. त्याची ओळख साच्यात कमी आणि रंगात जास्त होती.

एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं छोटं पुस्तक काढलं ते याच सैनिकांच्या जिवावर. मोठी माणसं जमिनीवर पालथी पडून, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी खिट्ट्या मारून शिशाचे शिपाई पाडत. युद्धाचा खेळ त्याआधीही होता, पण त्याचं कूळ वेगळं. 1780 मध्ये ब्राउनश्वाइगच्या हेलविगने बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यात भूप्रदेश घालून एक खेळ रचला होता, म्हणजे मूळ चतुरंगापर्यंत जातं. प्रशियन लष्करात 1824 पासून रुजलेला क्रीगश्पील त्याच वाटेवरचा, पण त्यात नकाशावर छोटे ठोकळे सरकत. चेहरा असलेला सैनिक नव्हता. वेल्सने खेळणं आणि खेळ एकत्र आणले. कुंचल्याशी मात्र त्याला कर्तव्य नव्हतं. सैनिक रंगवलेलेच मिळत होते.

वळण आलं ते 1950च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलिया या गावात. जॅक स्क्रूबी नावाच्या हौशी खेळाडूने 1955 च्या सुमारास रबराच्या साच्यातून सैनिक ओतायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी ‘वॉर गेम डायजेस्ट’ हे नियतकालिक काढलं. रबराचा साचा स्वस्त, घरच्या घरी करता येणारा. एकट्या माणसाला आता ओतकाम जमत होतं, पण शंभर बायकांना रंगकाम वाटून देण्याची यंत्रणा त्याच्याकडे नव्हती. सैनिक उघड्या धातूचेच पाठवावे लागले. आणि गंमत अशी की गिऱ्हाइकालाही तेच हवं होतं. एकाला 1809 सालची अमुक ऑस्ट्रियन रेजिमेंट हवी होती, दुसऱ्याला वॉटर्लूवरची. त्यांच्या कॉलरचे, कफांचे रंग ते पुस्तकं धुंडाळून शोधत. कारखान्याचा सरसकट लाल रंग त्यांना चालला नसता. मजुरीचं काम अभ्यासाचं झालं, आणि अभ्यासाचं झालं म्हणूनच आवडीचं झालं. सपासप उरकण्यासाठी असलेला रंग आता सावकाश लावायची गोष्ट बनली.

इंग्लंडमध्ये याला प्लास्टिकची जोड मिळाली. एअरफिक्स कंपनीने 1959 पासून मऊ पॉलिथिनचे छोटे सैनिक काढले. ते इतके स्वस्त होते की शाळकरी पोरानेही फौज उभी करावी. पण कंपनी काढेल तेवढ्याच पलटणी मिळत. मग ब्लेडने एकाचं डोकं कापून दुसऱ्याच्या धडावर बसवायचं, टाचणीने पक्कं करायचं, टोपीवर कागदाचा तुरा लावायचा, असे उद्योग सुरू झाले. या छंदात आज मिरवणारं ‘कन्व्हर्जन’ जन्मलं ते या टंचाईतून. शिवाय मऊ पॉलिथिनवर रंग टिकत नसे. भाला वाकला की पापुद्रा सुटलाच. यावर तोडगा म्हणून आधी पांढऱ्या गोंदाचं पातळ पुट द्यायचं, हा धडा हौशी मंडळी एकमेकांना पत्रांतून आणि मासिकांतून देत. डोनाल्ड फेदरस्टोनच्या 1962 सालच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने हा गोतावळा वाढवला. त्याच वर्तुळातला टोनी बाथ रॉबर्ट हॉवर्डच्या कथांमधल्या हायबोरिया या काल्पनिक जगात आपली मोहीम चालवत होता. सैन्यं बहुतेक इतिहासातली, जमीन मात्र कल्पनेतली.

ती सीमा पूर्ण ओलांडली गेली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावी. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं मध्ययुगीन लढायांचे नियम सांगणारं ‘चेनमेल’ आलं. त्याला जादूगार, ड्रॅगन, महाकाय यांच्यासाठी एक पुरवणी जोडलेली होती. नियम आले, पण ड्रॅगन कुठे मिळत होते? गायगॅक्सने प्लास्टिकच्या डायनोसॉरवर हात चालवून ड्रॅगन घडवला, मोठ्या मापाच्या आकृत्यांना लहानांच्या शेजारी उभं करून महाकाय केलं. स्वस्त दुकानात पिशवीभर मिळणारी हाँगकाँगची प्लास्टिकची चमत्कारिक जनावरंही पटावर आली. ती कोणत्या प्राण्याची आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना नावं आणि स्वभाव दिले गेले. 1974 मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाने नवं युग सुरू केलं. त्यातले पुढे प्रसिद्ध झालेले लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर आणि घुबडाच्या तोंडाचं अस्वल हे त्या पिशवीतूनच निघाले. आधी खेळणं आणि मग त्याची कथा, असा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. कल्पनेला हाताशी असलेल्या वस्तूने वाट दाखवली.

पुढची पाच-सात वर्षं वेगाने गेली. साउदॅम्प्टनच्या मिनीफिग्जने टोल्किनच्या जगासारख्या आकृत्या काढल्या. 1975 मध्ये सिनसिनाटीत राल पार्था कंपनी निघाली आणि तिच्या टॉम मायर या शिल्पकाराने एल्फ, बुटके, गॉब्लिन यांना असं काही रेखीव रूप दिलं की आता कोणाला डायनोसॉर कापायची गरज उरली नाही. 1979 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूअर्कला सिटाडेल मिनिएचर्स सुरू झाली. तिच्या मागे ब्रायन अ‍ॅन्सेल आणि चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये निघालेली गेम्स वर्कशॉप होती.

सिटाडेलकडे भरपूर आकृत्या होत्या. गिऱ्हाइकाने त्या डझनाने घ्याव्यात यासाठी मोठ्या लढाईचा खेळ हवा होता. 1983 चा वॉरहॅमर त्यासाठी आला. चार वर्षांनी त्याचं भविष्यातलं रूप, ‘रोग ट्रेडर’, आलं. आकृत्या विकण्यासाठी खेळ रचणं हा उघड धंद्याचा हिशेब होता. पण त्या धंद्याने एक चांगली गोष्टही केली. गेम्स वर्कशॉपच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाच्या रंगीत पानांवर रंगवलेल्या आकृत्यांचे मोठे फोटो छापले जाऊ लागले आणि त्यांच्यासोबत रंगवणाऱ्याचं नावही. जॉन ब्लँचसारख्या चित्रकाराने गंजलेल्या, काळवंडलेल्या, मेणबत्तीच्या उजेडात पाहावी तशा रंगसंगतीने एक पिढी वळवली. डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून युद्धाचं वाहन कसं बनवावं हेही त्या मासिकाने शिकवलं. 1987 मध्ये ‘गोल्डन डीमन’ ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. तिच्या सर्वोच्च विजेत्याला खरीखुरी, पूर्ण लांबीची तलवार मिळते. न्यूर्नबर्गच्या घराघरांत जे काम निनावी होतं, त्यासाठी आता तलवार!

ही माणसं रंगवतात तरी काय, हे थोडं सांगायला हवं. खऱ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुणीत आपोआप सावली पडते, कारण चुणी खोल असते. 28 मिलिमीटरच्या आकृतीवर ती केसाएवढी असल्यामुळे खोलीतला उजेड तिच्यात तसाच शिरतो आणि एका रंगात रंगवलेली आकृती ठोकळ्यासारखी दिसते. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच द्यावे लागतात. अस्तरावर मूळ रंग, त्यावर पाणचट काळसर रंगाचा ‘वॉश’ जो खाचांत जाऊन बसतो, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग, शेवटी कडांवर अगदी बारीक रेघ. कसलेले हात धातूचा चकचकीत रंग न वापरता केवळ करड्या-पांढऱ्या छटांतून पोलाद चमकवतात. ही रीत आजची वाटते, पण विसाव्या शतकात कथलाचे चपटे सैनिक रंगवणारे जर्मन संग्राहक तैलरंगांनी हेच करत होते. चपट्या आकृतीला गोलाई येते ती फक्त रंगातून. तिथे उजेड रंगवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

आकृती रंगली तरी तिच्या पायाखालची बैठक उरते. वाळू, खडे, साल, कृत्रिम गवताची झुपकी लावून त्या चकतीला भूमी करतात. दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरून हिरवळ फुलवणाऱ्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की आपले मातीचे मावळे बाजारातून रंगवूनच येतात आणि हौस सगळी किल्ल्यावर चालते.

1990च्या दशकात शिशाच्या विषारीपणामुळे कंपन्या कथलाच्या मिश्रधातूंकडे वळल्या, मग हळूहळू कडक प्लास्टिकने धातूची जागा घेतली. सुटे भाग आले आणि एका संचातलं डोकं दुसऱ्यावर बसवणं सोपं झालं. पूर्वी गरज म्हणून होणारी काटछाट आता खोक्यातच पुरवली जाऊ लागली.

कुंचला पुन्हा कारखान्यात नेण्याचा प्रयत्नही झाला. 2000 मध्ये विझकिड्स कंपनीचा ‘मेज नाइट’ हा रंगवलेल्या आकृत्यांचा खेळ आला आणि 2003 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्याही रंगवलेल्या प्लास्टिकच्या आकृत्या आल्या, चिनी कारखान्यांत रंगवलेल्या. ज्याला केवळ खेळायचं आहे त्याची सोय झाली, आणि त्यात वावगं काही नाही. पण रंगवणारे हटले नाहीत. 2012 मध्ये टेक्सासच्या रीपर कंपनीने न रंगवलेल्या प्लास्टिक आकृत्यांसाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले तेव्हा 34 लाख डॉलरच्या वर जमले. 2019 मध्ये सिटाडेलने एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही देणारे ‘कॉन्ट्रास्ट’ रंग काढले; ते घेणारेही स्वतः रंगवण्याची हौस असलेलेच होते. आता शिल्पकार संगणकावर आकृती घडवून तिची फाइल विकतात आणि घरातल्या यंत्रावर रेझिनची आकृती रातोरात छापून निघते. ओतारीही घरातच आला. रंगवायला मात्र अजूनही वेळ लागतोच, त्यामुळे न रंगवलेल्यांचे ढीग वाढत चालले आहेत.

त्या ढिगांमुळेच जुनी मजुरी परतली आहे. युरोप-अमेरिकेतले अनेक खेळाडू आपल्या फौजा पैसे देऊन रंगवून घेतात आणि हे काम करणारे स्टुडिओ श्रीलंकेतही आहेत. नेपोलियनच्या फ्रेंच तोफखान्याच्या गडद निळ्या कोटांवरच्या लाल कडा आज तिथल्या टेबलांवर रंगवल्या जातात, नगावर. हात सफाईदार आहेत, रंग उत्तम आहेत. अशी फौज प्रदर्शनात मांडली जाते किंवा तिचा फोटो मासिकात छापला जातो तेव्हा मालकाच्या आणि शिल्पकाराच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, या रंगवणाऱ्यांचीही नावं यावीत. स्पर्धेतल्या हौशी माणसाला ते गेली कित्येक वर्षं मिळतं आहे.